शिट्टी थांबेपर्यंत

बॉस्टन, ३ मार्च

प्रिय आर्मां,

कसा आहेस? तिकडे खोऱ्यात अजून खिडक्यांपर्यंत बर्फ असेल. इथे वितळून नुसता राडा झालाय. माझा गुडघा बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. परवा कुट्टूच्या पिठाची आपली धिरडी, प्लोय, केली, पण आईसारखी जाळी काही पडली नाही.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. अरे, फोनवर तू "हो हो, बरं बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. तीन वर्षं तेच.

माझ्या व्यवस्थापनाच्या वर्गात तिकडचीच एक मुलगी आहे, मादलेन, बटाट्याची शेती असलेल्या घरातली. कंपन्या का बदलतात यावर बोलताना तिने पडद्यावर एका गाडीचा फोटो लावला. घरं तापवायचं तेल दारोदार पोचवणारी बाबांची लाल गाडी, आता तुझी! दारावरचा 'तेल' शब्द खोडून तिथे लिहिलंय, 'मिशो – ऊब'. मागे विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपांची खोकी रचलेली. माझं आडनाव सासरचं, तिला काय माहीत की तिची बाई याच गाडीत बसून शाळेत जायची! मी आपली खडू धरून उभीच.

अरे, तू? हवामानबदल म्हटलं की "लागलं हिचं प्रवचन" म्हणणारा तू?

तीस वर्षं मी हेच कोडं घेऊन बसलेय. बरी चाललेली कंपनी आपली वाट का बदलते? मोठमोठ्या साहेबांना विचारलं, शिकवलं. त्यांनी आपापला 'उद्देश' काचेत घालून भिंतीवर लावला, हवामानाच्या आणाभाका घेतल्या. यंदा राजकारणाचं वारं फिरलं, तसं काचेसकट सगळं माळ्यावर. आणि ज्या कंपनीच्या गाडीत मी वाढले, ती बदलली तेव्हा मला पत्ताच नाही. हसू की रडू?

आमच्याकडे एक रीत आहे. एखाद्या कंपनीची गोष्ट वाचायची आणि 'मालकाच्या जागी तुम्ही असता तर?' यावर मुलांनी तासभर भांडायचं. खरा मालक सगळा वेळ मागच्या बाकावर गुपचूप बसलेला असतो. शेवटी मी त्याला उभं करते, तेव्हा मुलांची तोंडं बघण्यासारखी होतात. मे महिन्यात मी निवृत्त होतेय. शेवटचा तास तुझा ठेवायचाय. येशील?

तो फोटो बघून मुलांनी अंदाज केले: तेल महागलं असेल, सरकारने मदत दिली असेल, गिऱ्हाईकच मागत असेल. यातलं कुठलं? नुसतं कुतूहल हो, दुसरं काही नाही.

बरं, आहे दुसरं. तीन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात मी म्हणाले होते, "आर्मां, तू तेल नाही विकत, ऊब विकतोस." तू काटा ठेवलास, "बॉस्टनला बसून ऊब विकणं सोपं असतं" म्हणालास आणि भरलं ताट टाकून गाडीत जाऊन बसलास. त्यानंतर आपली भेट नाही. आता त्याच गाडीवर तोच शब्द. तो माझा आहे का रे? जन्मभर बोलत आले. एकाने तरी ऐकलं का, एवढं जाण्याआधी कळू दे. म्हणजे निवृत्तीआधी, लगेच घाबरू नकोस.

राग असला तरी उत्तर दे.

तुझीच,
लोरेन


सेंट जॉनचं खोरं, १२ मार्च

प्रिय प्राध्यापकीणबाई,

तू प्लोय उलटवत असणार. प्लोय एकाच बाजूने भाजायचा असतो, आईने हजारदा सांगितलं होतं. पण तुला शिकवायची सवय, ऐकायची कुठे?

तुझी मुलं हुशार आहेत, पण तिन्ही अंदाज चुकले.

घराच्या तळघरातल्या टाकीत तेल भरताना तिच्या बाहेरच्या नळीतून शिट्टी वाजते, आठवतं? आत तेल चढतं, हवा बाहेर पडते, शिट्टी वाजत राहते. थांबली की टाकी भरली, पंप बंद करायचा. बाबा म्हणायचे, "डोळे मिटलेस तरी चालेल, कान मिटू नकोस."

दोन हिवाळ्यांपूर्वी आपल्या जुन्या गिऱ्हाईक डेगलबाईंकडे तेल भरत होतो. शिट्टी वाजतेय, मी आपला निवांत उभा. तेवढ्यात म्हातारी झोपायच्या झग्यावरच हातवारे करत धावत आली. नळीपाशी बर्फ लालभडक झाला होता. आपल्या तेलाला रंग असतो ना, तो. तळघरातही तेलच तेल. ती अगदी तोंडाजवळ येऊन ओरडली, "आर्मां, शिट्टी केव्हाच थांबली!"

मला तर ती अजून वाजताना ऐकू येत होती.

घरी आलो, इंजिन बंद केलं, दारं लावली. शिट्टी चालूच. आत्ता हे लिहितानाही चालू आहे. ती माझ्या कानांत आहे, लोरेन. आणि बाकीचं हळूहळू ऐकू येईनासं होतंय.

कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या तेलवाल्याला कोण दारात उभं करील? डेगलबाईंचं तळघर घासून दिलं, माती उपसली, तरी वासापायी बिचारीला अख्खा हिवाळा लेकीकडे काढावा लागला. लाज वाटली गं. मग शोधायला लागलो, शिट्टीशिवायचा धंदा कुठला? तर ही खोकी. बाहेरच्या गारठ्यातली ऊब ओढून घरात आणतात, विजेवर. पहिलं डेगलबाईंच्याच भिंतीला लावलं. गावाला वाटतं, आर्मांला पृथ्वीची काळजी लागली. वाटू दे.

फोनवर "हो हो" करतो, कारण तू काय बोलतेस ते समजत नाही. फोनवरचा आवाजच आधी गेला. राग कसला, वेडे? तो तर गाडीत बसलो तेव्हाच निवला होता. परत आत यायची लाज वाटली, इतकंच.

वर्गात येणार नाही. मुलं तासभर माझ्यावरून भांडणार आणि मी मख्खासारखा बघत बसू?

शब्दाचं विचारलंस. गाडीवरचं 'तेल' खोडलं आणि तिथे काय लिहावं ते सुचेना. त्या जेवणाच्या वेळी माझे कान शाबूत होते. तुझं शब्दन् शब्द नीट ऐकू आलेलं ते शेवटचं बोलणं. तेच लिहिलं.

फोन करू नकोस. लिहीत जा.

आर्मां


बॉस्टन, १७ मार्च

आर्मां,

आधी रडले, मग तुझ्या नावाने बोटं मोडली. तीन वर्षं मी फोनवर तुझी समजूत काढतेय, आणि तुला त्यातलं काहीच कळत नव्हतं!

तुझी गोष्ट वर्गात सांगणार नाही, ती तुझी आहे. मुलांना एवढंच सांगेन, की अंदाज माझाही चुकला.

शनिवारी मी येतेय. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, वेळ घेऊन ठेवली आहे. 'नाही' म्हणू नकोस, म्हणालास तर मलाही ऐकू येणार नाही. रविवारी प्लोय करू. उलटवणार नाही, शपथ.

तोवर ती शिट्टी फारच छळायला लागली, तर समज, बॉस्टनहून बहीण बडबडतेय.

अजून बोलतच असलेली, तुझी
लोरेन