टाकीतलं पांढरं पाणी

झिंगाबाई टाकळी, नागपूर
१० सप्टेंबर २०२५

प्रिय सुशील,

माझं पत्र येईल असं तुला स्वप्नातही वाटलं नसेल. मी आयुष्यभर लिहिलं ते लॉगबुकात, आणि तेही आकडेच. शेवटचं पत्र तुझ्या आईला लिहिलं होतं, लग्नाआधी, आणि त्यात खापरखेड्याच्या क्वार्टरला किती तास नळ येतो ते कळवलं होतं. देवकी कित्येक वर्षं त्यावरून माझी टिंगल करायची. पण व्यसनमुक्ती केंद्रात फोन देत नाहीत, आणि रविवारच्या भेटीला मी आलो की तू फरशीकडे बघत बसतोस आणि आईशीच बोलतोस. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. तुमची पत्रं आधी समुपदेशक मॅडम वाचतात म्हणे. वाचू देत.

एकवीस तारखेला तुझे सहा महिने पूर्ण होतात. सुटल्यावर घरी जाणार नाही, पारशिवनीला रामाजीमामाकडे जाणार, असं तू मॅडमना सांगितल्याचं आम्हाला परवाच्या रविवारी कळलं. घरी आल्यावर आईने तुझ्या पलंगावर घातलेली नवी चादर काढली आणि घडी करून कपाटात ठेवून दिली. मग नेहमीसारखा कुकर लावला. मला तिच्याकडे बघवलं नाही म्हणून मी उगाच गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण तपासून आलो.

घरची बातमी म्हणशील तर माशांची टाकी पुन्हा लावली आहे. मासे नाहीत, नुसतं पाणी आहे आणि फिल्टर चालू आहे. हसू येईल तुला. गेल्या वर्षी तू पहिल्यांदा केंद्रातून घरी आलास, तेव्हा तिथल्या कोणीतरी सांगितलं होतं की एखादा जीव सांभाळ. तू महाल भागातल्या धम्मानंदच्या माशांच्या दुकानातून अडीच फुटी टाकी आणलीस, मित्राच्या गाडीवर मागे बसून, मांडीवर धरून. आणि आणल्यावर महिनाभर त्यात एकही मासा सोडला नाहीस. रिकाम्या पाण्यासाठी वीज जळतेय म्हणून मी रोज टोमणे मारायचो. तू म्हणायचास, बाबा, टाकी आधी जमू द्या लागते. मग दोन-दोन, तीन-तीन करत तू अकरा मासे सोडलेस. आईने टाकीसमोर खुर्ची ओढली ती कायमची. संध्याकाळची मालिका सुटली तिची, एवढं सांगितलं तरी पुरे.

स्पंजबद्दल तू मला दोनदा सांगितलं होतंस, हेही इथे लिहून ठेवतो. "बाबा, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका. टाकीतल्याच पाण्यात हलका पिळा. त्यात जंतू राहते, तेच पाणी साफ ठेवून राहिले." मी हसलो होतो. एकतीस वर्षं वीजप्रकल्पात मी पाण्यात राहणारी प्रत्येक वस्तू मारायचा पगार घेतला. कूलिंग टॉवरला शेवाळ धरू नये म्हणून क्लोरीन, बॉयलरच्या पाण्यात क्षाराचा कण राहू नये म्हणून दिवसाला तीन वेळा तपासणी. माझ्या मते चांगलं पाणी म्हणजे ज्यात काहीच नाही असं पाणी. आणि हा माझा पोरगा मला सांगत होता की स्पंजावरचा तो तपकिरी चिकटा जपा! नाकाने कांदे सोलणारा माणूस मी, ऐकतो कशाला.

आता जुलैपासून मीच जपतोय. धम्मानंदने नव्या टाकीबरोबर अमोनिया तपासायचे थेंबही माझ्या हातात कोंबले. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. मी रोज सकाळी सातला रीडिंग घेतो आणि वहीत उतरवतो. जित्याची खोड आहे ती. मासे नसताना टाकी जमवायची तर रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावं लागतं. म्हणजे हातानं घाण करायची आणि बघत बसायचं. चौथ्या दिवशी पाणी पांढरं झालं, तांदूळ धुतल्यावर होतं तसं. माझे हात असे शिवशिवायला लागले की मी बादली भरूनही ठेवली होती. आईने धम्मानंदला फोन लावून माझ्या कानाला लावला. तो म्हणाला, "काका, बादली ठेवा अन् हात मांगं बांधून बसा. पांढरं झालं म्हणजे बिघडलं नाही, टाकी जमून राहिली." बसलो. अकराव्या दिवशी थेंबांनी नळीतलं पाणी गर्द हिरवं केलं. अठराव्याही दिवशी तेच. मग रंग हळूहळू उतरत गेला आणि एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी नळी पिवळीधमक होती. पाणीही काचेसारखं झालं होतं. मी एक थेंब औषध टाकलं नव्हतं की एक तांब्या पाणी बदललं नव्हतं.

गंमत बघ, अमोनिया माझ्या ओळखीचा. प्लँटमध्ये पाईप गंजू नयेत म्हणून बॉयलरच्या पाण्यात आम्हीच तो मोजून सोडायचो. माझ्या शर्टांना त्याचा वास यायचा आणि तू लहान असताना त्या वासाने ओळखायचास की बाबा आले. तो कुणाला मारतो असं माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून तो सारखा तयार होत असतो. स्पंजातले जंतू तो खातात, म्हणून मासे जगतात. जंतू गेले की दोन-तीन दिवसांत मासे आपल्याच पाण्यात मरतात. हे सगळं मला नवी टाकी लावल्यावर, तो हिरवा रंग डोळ्यांनी पाहिल्यावर उमजलं.

आता फेब्रुवारीबद्दल लिहितो. तू मामाकडे साक्षगंधाला गेला होतास, बुधवारी गेलास तो शनिवारी संध्याकाळी आलास. तीन महिन्यांत तुला पहिल्यांदाच एकटं सोडलं होतं आम्ही, आणि मी त्या चार दिवसांत नीट जेवलो नाही. मामाकडे साखरपुड्याचे पाहुणे, पाहुण्यांत पिणारे, हेच चित्र डोळ्यांसमोर. हाताला काम हवं म्हणून गुरुवारी टाकी धुवायला काढली. तू आलास की चकचकीत टाकी बघून खूश होशील असं वाटलं, खरंच वाटलं. मासे बादलीत काढले. खडी उकळत्या पाण्यात घोळली. स्पंज ब्लिचिंग पावडरमध्ये भिजवला आणि दहा वेळा नळाखाली खळखळून धुतला, पांढराशुभ्र होईपर्यंत. नवं पाणी भरलं, एक दिवस हवा देऊन क्लोरीन उडवला, तेवढी अक्कल होती. शुक्रवारी मासे परत सोडले. टाकी अशी दिसत होती की शेजारच्या चंद्रकलाबाईंना बोलावून दाखवली.

शनिवारी दुपारी पाणी जरा दुधट झालं. संध्याकाळी तू आलास तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडत होते. तू विचारलंस, बाबा, काही केलं का? मी म्हणालो, मी कशाला हात लावू. हे वाक्य मी म्हणालो, सुशील. का म्हणालो ते मला आजही धड सांगता येत नाही. तुझं ऐकलं नाही हे कबूल करायची लाज वाटली असेल. रविवारी सकाळी अकराच्या अकरा तरंगत होते आणि पाणी पांढरंफेक झालं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण ते मी माझ्या हाताने लिहिलं पाहिजे. मागे एकदा मला येताना पाहून तू बाटली मोरीत ओतली होतीस आणि एकदा आईच्या मनीप्लँटच्या भांड्यात. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी. मी ओरडलो की साक्षगंधाहून आणलेली बाटली लपवायला तू टाकीत ओतलीस. त्या क्षणी मला तसं खरंच वाटलं होतं, निदान अर्धं तरी. तू ओरडला नाहीस. जवळ आलास आणि म्हणालास, "बाबा, मी घेतली नाही. तोंडाचा वास घेऊन पाहा." तीन महिने मी रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून तुझ्या तोंडाचा वास घेत होतो, तुला ते कळत होतं आणि तू सहन करत होतास. त्या दिवशी तू स्वतः तोंड पुढे केलंस आणि मी मान वळवली. तू पिशवी भरली आणि मामाकडे परत गेलास. तू गेल्यावर आई म्हणाली, "तुमीच त धुतली ना गुरुवारी? त्याच्यानं त नसंल झालं?" मी तिला म्हणालो, तुले काय समजते पाण्यातलं. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही, पण माझ्याशी पूर्वीसारखं बोलणंही सोडलं.

पारशिवनीत तू शुक्रवारपर्यंत एक थेंब घेतला नाहीस. हे मामाने मला नंतर सांगितलं. "भाऊजी, पोरगा पाच दिवस माझ्यासंग हरभरा काढून राहिला होता. सांजच्याले फोन पाहे, कोणाचा आला का म्हणून." शुक्रवारी संध्याकाळी तू बाजारात गेलास आणि पिऊन आलास. मग पाच आठवडे काय झालं ते तुलाही सगळं आठवत नसेल. कामठीच्या बसस्टँडवरून आम्ही तुला उचलून आणलं तेव्हा पायात चप्पल नव्हती आणि तू मला ओळखलं नाहीस. मॅडम म्हणतात, पिणं हा तुझा आजार आहे, कोणा एकाचा दोष नाही. मॅडम भल्या आहेत.

इथपर्यंत लिहून मी हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. सही करून पाकिटात घातलं असतं तर चाललं असतं, वाचणाऱ्याला वाटलं असतं की म्हाताऱ्याने चूक कबूल केली. पण वर मी एक खोटं लिहिलं आहे. नवी टाकी लावल्यावर उमजलं म्हणालो ना, ते खोटं. खोडणार होतो, मग राहू दिलं, तुलाही दिसू दे मी कसा लिहितो ते. त्या रविवारी तू गेल्यावर, पाणी फेकायच्या आधी, मी एका बाटलीत नमुना भरून ठेवला. माझ्याबरोबर निवृत्त झालेला बाबूलाल आता पाणी तपासायची स्वतःची लॅब चालवतो, त्याच्याकडे सोमवारी नेऊन दिला. दारू शोध, एवढंच सांगितलं. चार नातेवाइकांना दाखवायला कागद हवा होता मला. मंगळवारी अकरा तारखेला रिपोर्ट हातात आला: अल्कोहोल आढळले नाही, अमोनिया सहाच्या वर. बाबूलाल म्हणाला, फिल्टर धुतला होता का रे कोणी? म्हणजे मंगळवारी दुपारी मला सगळं कळलं होतं, आणि तू प्यायलास ते शुक्रवारी. मधले तीन दिवस माझ्याकडे तुझा नंबर होता, मामाचा नंबर होता, पारशिवनीची बस होती. ज्या माणसाने एकतीस वर्षांत लॉगबुकातला एक आकडा फिरवला नाही, त्याने तो कागद विजेच्या बिलांखाली ठेवला आणि वाट बघितली. कशाची, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे, आणि तू कुठे राहायचं ते हे वाचल्यावरच ठरव. पारशिवनी म्हणालास तर मी आईला समजावीन. रिपोर्ट सोबत जोडला आहे, आईलाही दाखवला आहे, आणि मॅडम म्हणतील तर रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून वाचीन. शुक्रवारी संध्याकाळी मामाचा फोन आला की तू पिऊन पडला आहेस. सुशील, तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही. आधी हायसं वाटलं, की चला, मी खरा ठरलो.

तुझाच,
बाबा