टपर्या नव्हे, टपऱ्या

विचारवंत म्हणजे नक्की कोण, हे मला सांगता येत नाही. पण तो शब्द माझ्या नावाखाली एकदा छापून आला आहे, तेव्हा इतर मालमत्तेबरोबर त्याचीही व्यवस्था लावणं भाग आहे.

मी, वय चोवीस, इस्त्रीवालीची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, छापखान्यात मुद्रितं तपासणारी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. उद्या माझी अक्कलदाढ काढायची आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्याने कोणी मरत नाही. पण दाढेबरोबर आणखी काय जाईल याची हमी त्यांनी दिली नाही, म्हणून बुद्धी जागेवर असतानाच लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. धाकटा भाऊ शेजारी बसून हसतो आहे, तो दबाव धरू नये.

१. माझी एकशे बारा पुस्तकं भावाला. तो वायरमन आहे. त्याने ती वाचावीत अशी अट नाही. फक्त पंख्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून शब्दकोशावर उभं राहू नये. एकदा राहिला आहे.

२. पदवीचं प्रमाणपत्र वडिलांना. त्यांनी ते दारासमोर टांगलं आहे आणि मीटर बघायला येणाऱ्यालाही दाखवतात, म्हणजे ताबा आधीपासून त्यांचाच आहे.

३. माझं लाल पेन आईला. याचं कारण लिहायला हवं. आमचे मालक चौक सुशोभन समितीचे अध्यक्षही आहेत. गेल्या महिन्यात ते एक निवेदन घेऊन माझ्या टेबलाशी आले. खाली पाच विचारवंतांची नावं, पाचवं माझं. मी ते नीट वाचलं, पण शुद्धलेखनासाठी. 'टपर्या' होतं, त्याचं 'टपऱ्या' केलं आणि खुशीत सही ठोकली. त्या टपऱ्या चौकातून हटवाव्यात असं ते वाक्य होतं. डोळ्यांखालून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

निवेदन पेपरात आलं. आईने कपडे बांधायच्या रद्दीतून तो कागद बाजूला काढला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला माझं नाव दाखवलं. ती अक्षरं जुळवून वाचते, म्हणून पूर्ण वाचायला तिला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी वाढता वाढता म्हणाली, "पोरी, नाव छान छापलंय. आता आपली टपरी कुठल्या ओळीत मोडलीय, तेवढं दाखव."

"आई, मी फक्त शब्द तपासला होता."

"मग बरोबर तपासलास. आपलाच होता."

४. 'विचारवंत' ही उपाधी मालकांना साभार परत. मी चूक सांगायला गेले, तेव्हा ते म्हणाले की आईला आतल्या गल्लीत जागा बघू, पण विचारवंताने स्वतःच्या घरापलीकडे बघावं. वाक्य चांगलं होतं. मला अर्धा दिवस पटलंसुद्धा. मग घरापलीकडे बघितलं, तर चौकात किल्लीवाला, शिवणवाली, चप्पल शिवणारा अशी आणखी दहा घरं दिसली.

५. म्हणून मी सही मागे घेणारं आणि टपऱ्या आहेत तिथेच राहू द्याव्यात असं मागणारं पत्र लिहिलं आणि अकरा टपऱ्यांपुढे उभं राहून वाचून दाखवलं. 'सामाजिक उत्तरदायित्व' आलं तसं किल्लीवाल्याने थांबवलं. "ताई, इथे साहेब पान उलटणार." ते काढलं. चौथ्या वाचनाला कोणी अडलं नाही, तेव्हा सही केली. नोकरी ठेवायची की नाही, ते मालकांनी ठरवावं. पत्र आज सकाळी पालिकेच्या खिडकीत दिलं आहे. पोच सोबत जोडली आहे.

सही: इस्त्रीवालीची थोरली

साक्षीदार: १. किल्लीवाला २. शिवणवाली
(यातून आपल्याला काहीच मिळत नाही, हे दोघांनी दोनदा विचारून घेतलं. मजकूर त्यांना पूर्ण वाचून दाखवला आहे.)

स्थळ: आईची टपरी
दिनांक: पोचपावतीवर शिक्का आहे तोच