किल्ल्यातली संकष्टी

तीर्थरूप अण्णासाहेब यांच्या पायाशी जावई रणजितचा साष्टांग नमस्कार. (या खेपेस नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ आडवा राहिलोय, असं समजावं.) इथे शारजात आम्ही सगळे खुशाल. आईंचा मुक्काम मजेत चाललाय. तुमची तब्येत कशी आहे? विचारायचं म्हणून विचारत नाही, अण्णासाहेब, खरंच विचारतोय. छातीत धडधड, डाव्या हाताला मुंग्या, जिना चढताना दम, असं काही? नसेलच म्हणा.

झालं असं की, रास अल खैमाच्या बाजूला समुद्राकाठी एक नवं हॉटेल झालंय, जुन्या युरोपातल्या किल्ल्यासारखं. खंदक, उचलायचा पूल, बुरूज, दारात चिलखत घातलेले पहारेकरी. (पाण्याची बाटली बावीस दिरहम, म्हणजे पाचशे रुपयांच्या वर. आकडा ऐकताच आईंनी तहान नसल्याचं जाहीर केलं.) आत कॅसिनो आहे. दचकू नका! तो अजून उघडलेला नाही. बांधकामात ज्या ज्या कंपन्यांचा हात लागला, त्यांच्या लोकांना रंगीत तालीम म्हणून सहकुटुंब बोलावलं होतं. खेळायच्या चकत्या फुकट, जिंकलं तरी शून्य आणि हरलं तरी शून्य. तिथल्या एसीचं काम आमच्या कंपनीचं, म्हणून मला बोलावणं. आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी. आई म्हणाल्या, मोदकांचा डबा बरोबर घेते, चंद्रोदय नऊ बावीसला आहे, तेवढ्यापुरतं मला बाहेर मोकळ्यावर न्या म्हणजे झालं. (कॅलेंडर मुंबईचं आणि चंद्र इथला, म्हणून सुरुचीने मोबाइलवर वेळ काढून दिली होती.) मी म्हटलं, शंभर टक्के.

कॅसिनोत घड्याळ नसतं, खिडकी नसते, हे तुम्हाला ठाऊक नसेल आणि नाही तेच बरं. छतावर आकाश रंगवलंय आणि मधोमध प्लास्टिकचा चंद्र, आतून दिवा लावलेला. त्याच्या मागून आमची एसीची डक्ट जाते. तो तिथे बसेना म्हणून मी स्वतः तीन दिवस शिडीवर काढलेत. तर सुरुची इशिताला घेऊन घोड्यांचा खेळ बघायला गेली आणि मी त्या आकड्यांच्या गरगर फिरणाऱ्या चाकापुढे बसलो. लकी ड्रॉमध्ये साधा स्टीलचा चमचा कधी न लागलेला माणूस मी, आणि तिथे माझ्यापुढे चकत्यांचा ढीग साचायला लागला! कवडीचं मोल नव्हतं त्याला, पण माझ्या अंगातच आलं. "यल्ला, यल्ला" (इथलं 'चल, चल') म्हणून मी चाकावर ओरडत होतो म्हणे. तेवढ्यात आई मागे येऊन उभ्या. "रणजितराव, निघायचं ना? वेळ होत आली." मी चाकावरची नजर न काढता हात वर केला आणि म्हणालो, "बाहेर कशाला, आई? हा काय वर आलाय."

लाज वाटते हो लिहिताना. तुमच्या बायपासच्या दिवसापासून एकोणीस वर्षं ज्या बाईने तुमच्या नावाने एक संकष्टी चुकवली नाही, तिला मी प्लास्टिकचा चंद्र दाखवला. आणि जावई खोटं बोलेल असं त्यांच्या मनातही येत नाही. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवीतून ताम्हण काढलं. गालिच्यावर ताम्हण, ताम्हणात अर्घ्य, दूर्वा, लाल फूल, मग मोदकांचा नैवेद्य आणि हळू आवाजात आरती. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग आहे. प्रसादाला रांग लागली. राजाच्या झग्यातला मॅनेजर फरदीन दोन मोदक खाऊन "खलास?" विचारत डब्यात डोकावला. एक चिलखतवाला खणखणत आला, तोंडावरची जाळी वर केली, तर आतून गुहागरचा सदानंद! आमच्याच साइटवर होता, आता इथे पहारेकरी. मोदक हातात घेऊन त्याने छताकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, याच्यामागं आपली डक्ट ना?" मी त्याच्या हातावर आणखी एक मोदक ठेवला. तो खाली बघून निघून गेला. ते खाली बघणं मला अजून टोचतंय, अण्णासाहेब.

परतीच्या वाटेवर खरा चंद्र वर आलेला दिसला. मागून इशिता ओरडली, "पपा, लुक, द मून!" मी म्हणालो, तो मॉलचा बोर्ड आहे. म्हणजे एका संध्याकाळी दोन पिढ्यांना फसवलं. आई मात्र डोळे मिटून पडल्या होत्या, ही देवाची कृपा. त्या जिंकलेल्या चकत्यासुद्धा दारावर परत घेतल्या. आता तुम्ही द्याल ती शिक्षा मान्य.

आपला अपराधी,
रणजित

ता. क. मनात भलतंसलतं काही आणू नका, पण उद्याच्या उद्या ईसीजी काढून घ्या आणि कागदाचा फोटो मला ऑफिसच्या नंबरवर पाठवा. चालत जाऊ नका, रिक्षा करा. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं.

आणखी ता. क. फोन केला असता, पण आई स्पीकर लावून बसतात. म्हणून हे पत्र ऑफिसातल्या दर्शनबरोबर पाठवतोय, तुमच्या खजुराच्या डब्यात तळाशी. आईंना यातलं अक्षर कळता कामा नये.

अहो, डबा मीच भरतेय. चतुर्थीचा चंद्र असा ताटासारखा वाटोळा नसतो, हे एकोणीस वर्षांत मला कळलं नसेल का? मान वर केली तेव्हाच दिसलं. पण सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि मोदकांचा वास सुटला होता. रणजितरावांना काही बोलू नका, त्यांची झोप उडालीय. माझीही उडालीय. ईसीजी उद्या नको, आजच काढा.
– कमलिनी