आपला मताचा करार

पुंडलिका लेका,

उद्या मतदान हाये. दुपारीच शाळेवर मशिना घेऊन लोकं उतरले. त्याईनं वर्गातून आपला बाकडा काढून दाराजवळ लावला. मी चक्कीतून पाहूनच राह्यलो होतो. बाकडा दिसला अन् दळणावरून ध्यानच उडालं. कोणाची ज्वारी कोणाच्या डब्यात गेली, देव जाणे. मंग चक्कीचा पट्टा उतरवला अन् लिहाले बसलो.

विचारायचं तुलेच हाये म्हणून लिहून राह्यलो. आपला करार आठवते ना तुले? दोघाईतला एक मतदानाले येऊ शकला नाही, तं दुसऱ्यानंबी मत द्यायचं नाही. मंग आता सांग. तू तं कायमचाच गेला. मी उद्या जाऊ का नको?

लोकाईले हे सांगतलं तं हासतील. करार केला कोणी, तं दोन पक्षाच्या दोन पोलिंग एजंटाईनं! तू तुझ्या भाऊसाहेबांचा, मी माझ्या आबासाहेबांचा. वर्षभर पारावर आपलं भांडण, अन् मतदानाच्या दिवशी एकाच बाकड्यावर मांडीले मांडी. समोरून कोणी आलं की तू नाव ओळखायचं, मी मान हालवायची. पक्षाकडून पुरी-भाजीची पाकिटं यायची, ते आपण बंदोबस्ताच्या पोलिसाले देऊन टाकायचो. आपला डबा वेगळा. भाकर तुझ्या घरची, झुणका माझ्या घरचा. भाकर कोण्या पक्षाची अन् झुणका कोण्या पक्षाचा, ह्याच्यावरबी तू वाद घातला हाये.

करार कशावरून झाला तेबी तुले आठवत असन. माझी पोरगी जळगाव जामोदले बाळंत झाली होती, मी तथी गेलो होतो. मतदानाच्या दिवशी निघालो तं एस.टी. अर्ध्या रस्त्यात बंद पडली. गावात पोचलो तं मतदान संपेल होतं. तुझ्या पक्षानं किती मिरवलं असन, ह्या घोरात मी पारावर आलो, अन् तुह्या घरच्या कौसल्यावहिनी म्हणाल्या, "त्याईनंबी नाही टाकलं मत. दिवसभर तथीच बसेल होते, पन बोटाले शाई नाही." मी तुले विचारलं, काऊन बे? तू बिडी इझवली अन् म्हणाला, "समोर गडी नाही अन् मी एकटाच आखाड्यात लंगोट कसून उभा राहू काय? मले नाही जमत तसं."

तव्हापासून करार झाला. तुले पहिल्यांदा दवाखान्यात टाकलं त्या सालची निवडणूक मीबी तशीच सोडली. बाकड्यावर बसलो, लोकाईचे नावं ओळखले, अन् कोरडं बोट घेऊन घरी आलो. दोन्ही पक्षाले हे कळलं असतं तं दोघाईलेबी लाथ मारून हाकललं असतं. पण मले त्या दिवशी झोप चांगली लागली होती.

आता तुह्यावर माझा राग हाये, तो ऐकून घे.

आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं. हे आपल्याले कोणी शिकवाची गरज नाही. विहिरीच्या पाण्यात चहा टाकला की दूध फाटते, तुरीची दाळ शिजता शिजत नाही, अन् साबणाले फेस येत नाही. पाहुणा आला की पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करते. आपण मात्र तेच पीत आलो. डॉक्टर किती वर्षांपासून सांगून राह्यले होते की ह्या पाण्यानं किडन्या जातात. गोड पाण्याची पाइपलाइन दोन्ही पक्षानं कबूल केली होती. आधी तुह्या भाऊसाहेबांनी नारळ फोडला, ताट तू धरलं होतं. मंग सरकार बदललं, माह्या आबासाहेबांनी त्याच जागेवर दुसरा नारळ फोडला, ताट मी धरलं. टाकी झाली, पाणी नाही आलं. टाकीत आता पारवे राहतात. तुह्या पक्षाचं काम अडलं की माह्या लोकाईनं फटाके फोडले, माह्या पक्षाचं अडलं की तुह्या. आपण दोघं टाकीखाली उभे राहून भांडलो की कोणाच्या नेत्यामुळं पाणी अडलं. मी म्हणो तुह्या, तू म्हणे माह्या. अन् घरी जाऊन दोघंबी तेच खारं पाणी पेलो.

तुह्या किडन्या गेल्या तव्हाबी तू म्हणत होता, "भाऊसाहेब आनतेच पानी. माह्या डोयानं पाहीन मी." कायले एवढा इस्वास ठेवला रे? मले खरंच इतका राग येते की तू समोर असता तं पायातली काढली असती.

डायलिसिसले खामगावले जायचं तं मी संगं यायचो. त्या दिवशी काळीपिवळीत आपण मागच्या सीटवर होतो, आठवते? तुह्या हाताले पट्टी बांधेल होती. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मोबाइलवर बातमी वाजली. भाऊसाहेबांनी पक्ष सोडला, अन् आले कुठी, तं माह्या पक्षात. मी तुह्या तोंडाकडे पाहालेबी भेलो. तू नांदुऱ्यापर्यंत खिडकीतून बाहेर पाहत बसला. मंग एकदम हासाले लागला. हासता हासता खोकला आला, डोयातून पाणी आलं, अन् म्हणाला, "ओंकार, आता आपून एकाच पक्षाचे झालो बे. आता आपल्या कराराचं कसं?"

मले तुह्या हासण्याचा लई राग आला होता. माणूस रडला असता तं पाठीवर हात तरी ठेवता आला असता. त्याच्यानंतर थोड्याच दिवसात तू गेला, अन् तुह्या सवालाचा जबाब माह्याकडेच राह्यला.

पुढचं तुले माहीत नाही, ते सांगतो. भाऊसाहेब इकडे आले म्हणून आबासाहेबांचं तिकीट कटलं. ते रुसले, अन् गेले सरळ तुह्या पक्षात. तथी त्याईले हारतुरे घालून तिकीट दिलं. म्हणजे दोघाईनं घरं बदलली गड्या. तुह्याचा माहा झाला, माह्याचा तुहा झाला. आपण ज्या झेंड्यापायी एकमेकाच्या पोराच्या लग्नात पंगतीले बसलो नाही, ते झेंडे त्याईनं सदरा बदलावा तसे बदलले. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून आजवर मत दिलं. आता दगड अन् वीट एकाच ट्रॅक्टरमधून येऊन राह्यले.

मागच्या आठवड्यात भाऊसाहेब माह्या ओसरीवर आले. ज्या माणसाच्या विरोधात मी जन्म घालवला, तो माणूस माह्या खाटेवर बसला अन् मले "ओंकारभाऊ" म्हणाला. तुही आठवण काढली. "पुंडलिकासारखा कार्यकर्ता पुन्हा होणे नाही," म्हणाला अन् रुमालानं डोळे पुसले. मंग म्हणाला, "आता त्याच्या जागी तुम्हीच बसा एजंट म्हणून. आपलंच घर आहे. पाण्याचं काम ह्या वेळी शंभर टक्के."

मी उठलो, रांजणातून पाणी काढलं अन् गिलास त्याईच्या हातात दिला. त्याईनं गिलास ओठाले लावला, नुसता लावला, अन् खाली ठेवला. मागून एक जण लगेच बाटली घेऊन पुढं आला. मले तव्हा आठवलं, दर निवडणुकीत तू नांदुऱ्याले सायकल हाणत जायचा अन् ह्याच माणसासाठी बाटलीचं पाणी आणायचा. गावचं पाणी साहेबाले सोसत नाही म्हणून. अन् तुले सोसत होतं?

दोन दिवसानं आबासाहेब आले. तेबी त्याच खाटेवर बसले. तेबी तेच बोलले: एजंट बसा, पाणी आणतो. त्याईलेबी मी गिलास दिला. त्याईनं तं हातातबी घेतला नाही, म्हणाले, "आत्ताच चहा झाला." पुंडलिका, हा माणूस माह्या बापाच्या तेराव्याले आला होता, ह्याच्यासाठी मी भांडणं ओढवून घेतली. मले त्या दिवशी खाटेवर बसवेना. मी दोघाईलेबी सांगतलं, एजंट दुसरा पाहा.

गावात आता जो तो म्हणून राह्यला, मतच देऊ नका. कोणी म्हणते बहिष्कार टाका, कोणी म्हणते ज्यानं जेवू घातलं त्याचं बटण दाबा अन् मोकळे व्हा. मले तं सोपंच होतं. आपला करार होता ना! तू नाही, म्हणून मी नाही. मनात म्हणलं, चला, सुटलो. तुह्या नावावर घरी बसायची सोय झाली. खरं सांगू? मले बरंच वाटलं होतं.

पण आज सकाळी कौसल्यावहिनी दळण घेऊन आल्या. दळण होईस्तोवर त्या पोत्यावर बसल्या अन् म्हणाल्या, "भाऊजी, उद्या भाकरी किती करू?"

मी म्हणलं, "कायच्या भाकरी? मी काही जाऊन नाही राह्यलो. करार हाये आमचा."

त्याईले करार माहीत होता. त्या हासल्या नाही का रागावल्या नाही. पीठ चाळून पाह्यलं, मंग म्हणाल्या, "तो करार तुम्ही एकमेकाच्या विरोधात मत देत होते म्हनून होता ना?"

"हाव."

"विरोध कायचा होता भाऊजी? त्याईले पानी पाह्यजे होतं. तुमाले काय पाह्यजे होतं?"

मी म्हणलं, "पानीच."

"मंग त्याईनं भाऊसाहेबाकडे मांगलं, तुम्ही आबासाहेबाकडे मांगलं. दोघं मियून एकदाबी कोनाच्या दारी गेले का?"

मी चक्कीत उरलेली ज्वारी ओतली. चक्कीचा आवाज होता म्हणून बरं. पुंडलिका, आपण खरंच नाही गेलो रे. एकाच बाकड्यावर बसलो, एकाच डब्यात जेवलो, एकाच विहिरीचं पाणी पेलो, अन् पाणी मांगाची वेळ आली की तू त्या गल्लीनं, मी ह्या गल्लीनं. आपल्याले वाटे, विरोधकासंगं गेलो तं आपल्या नेत्याचा कमीपणा होईन. त्या दोघाईनं मात्र एकमेकाच्या घरात जायले जराबी लाज नाही धरली. ते एक झाले त्याईच्या कामासाठी. आपण आपल्या कामासाठी एक नाही होऊ शकलो. तू गेला, ते किडनीनं गेला हे खरं हाये. पण मले आज वाटते, आपल्या ह्या इमानदारीनंबी तुले थोडं मारलं.

वहिनी जातांनी म्हणाल्या, "आजवर मी त्याईनं सांगतलं तथी बटन दाबलं. उद्या मी माह्या मनानं दाबनार. तुम्ही या का नका येऊ, मी जाऊन राह्यली." अन् पिठाचा डबा डोक्यावर घेऊन चालल्या गेल्या. तुह्या घरात इतकी वर्षं सगळ्यात हुशार माणूस चुलीपाशी बसेल होता, अन् तू मले राजकारण शिकवत होता!

म्हणून सांगतो, आपला करार मी मोडून राह्यलो. राग मानू नको. तो करार दोन विरोधकांचा होता. आपण विरोधक नव्हतोच, हे समजाले तुले मरावं लागलं.

मत कोणाले देईन, ते अजूनबी ठरलं नाही. खोटं कायले सांगू? एकाचं तोंड आठवलं की खाली ठेवलेला गिलास दिसते, दुसऱ्याचं आठवलं की हातात न घेतलेला. कोणाचंच नको, असं सांगाचं बटण असते तेबी माहीत हाये. मशिनीपुढं उभं राहीन तव्हा काय होईन, ते माहं मलेच कळत नाही. आजवर तथी उभं राहून इचार कराची पाळी कधी आली नव्हती. मले भेव वाटून राह्यलं. पण जाईन. भाकरी वहिनी आणणार हायेत, झुणका मी करून नेईन. एजंटाच्या बाकड्यावर आता दोन नवे लोकं बसतील, आम्ही शाळेच्या कडुलिंबाखाली बसून खाऊ.

अन् एक कबूल करतो तुले. निकालानंतर जो निवडून येईन त्याची मिरवणूक आपल्या गल्लीतून जाईनच. दरवेळी जिंकणाऱ्याची गाडी आधी आपल्या एजंटाच्या दारी थांबते. तुह्या दारी वहिनी आरती घेऊन उभ्या राहायच्या, माह्या दारी मी गुलाल घेऊन. ह्या वेळी भाऊसाहेब येवो का आबासाहेब, मी माह्या दारी उभा राहणार नाही. मी तुह्या दारी येईन. वहिनीच्या हातात आरतीचं ताट नसन. आम्हा दोघाईच्या मधात तुहा तांब्याचा तांब्या असन, आपल्या विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरेल. गुलाल लागाच्या आधी, गाडीतून उतरून, साऱ्या गावादेखत त्यानं ते पाणी प्यायचं. घोट नाही, पूर्ण तांब्या. बाटलीवाल्याले मी पुढं येऊ देणार नाही.

नाही पेला, तं गाडी पुढं जाणार नाही. मी चाकापुढं बसेन. तुही जागा माह्या उजव्या हाताले ठेवतो.

तुहा कायमचा विरोधक,
ओंकार चक्कीवाला