इलिंकाचा पहिला इंग्रजी शब्द

गॉलवे, आयर्लंड
गुरुवार

प्रिय आई,

तुझे दोन्ही हात ओठांना लावते. मी सुखरूप आहे. खोली उबदार आहे, जेवण पोटभर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या शाळेत बाहेरून आलेल्या मुलांना इंग्रजी कसं शिकवतात ते आम्ही तिघी शिक्षिका मागच्या बाकावर बसून बघतो. वर्गात पाहुण्यांनीही फक्त इंग्रजीच बोलायचं, हा पहिला नियम.

या वर्गात आपल्या रोमानियाची एक मुलगी आहे, सहा वर्षांची इलिंका. तीन महिन्यांत ती शाळेत एक अक्षर बोललेली नव्हती. काल तिने माझी बाही ओढली आणि आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "बाई, मला शू लागलीय."

आणि आई, मी नियम पाळला. "इंग्रजीत सांग बघू," असं इंग्रजीतच म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि उभ्या उभ्याच ओली झाली.

आज मधल्या सुट्टीत मी तिच्यापुढे गुडघे टेकून आपल्या भाषेत म्हटलं, "चुकलं गं माझं. बोलशील ना माझ्याशी?"

तिने तोंड फिरवलं. "नो," म्हणाली.

तिच्या बाई, नोरा, आनंदाने टाळ्या वाजवत धावत आल्या. "ऐकलंत? इंग्रजी बोलली!"

परतल्यावर हीच पद्धत मला आपल्याकडच्या शिक्षकांना शिकवायची आहे.

माझा सोरिन शाळेत काही मागायला घाबरत नाही ना? विचार त्याला.

महिनाअखेरीस पोचते.

तुझीच,
स्मारांदा