माथ्यावर थांबायचं असतं

मुलुंड, ७ जानेवारी १९५६

उद्या सिलोनला निघायचं. मधू आणि बंडू दुपारी अंधेरीहून आले, ओझ्याची वाटणी करायला. वाटणी ते अंधेरीतच करून आले होते, मी फक्त मान डोलवायची होती. मधूकडे पासपोर्ट आणि नकाशा, बंडूकडे स्टोव्ह आणि शिधा, माझ्याकडे पाने, पंक्चरचं सोल्युशन आणि पंप. तिघांत पंप एकच.

"तीन तीन कशाला वाहायचे? आपण काय वेगळे जाणार आहोत?" मधू म्हणाला. ऐकून बरं वाटलं.

"आणि तू मागे असतोस. आमचं काय सांडलं तर उचलत ये," बंडू.

आई म्हणते, रावणाच्या गावी चाललास, कोणाच्या हातचं खाऊ नकोस. लाडवांचा डबा तिनेच कॅरिअरला बांधला. आता तो सोडवायला रावणच लागेल.

इथे खरं लिहायला हरकत नाही. सिलोनचे डोंगर मला एवढे काही बघायचे नव्हते. हे दोघे अंधेरीला शेजारी शेजारी राहायला गेले आणि मुलुंडात मी एकटा उरलो. आठ-आठ दिवस आईशिवाय कोणाशी बोलणं होत नाही. शाळेपासूनचे आम्ही तिघे. ते परत हवेत म्हणून हा सायकलींचा घाट घातला.

धनुष्कोडी, ११ जाने.

बोटीची वाट. वाळू, वारा, डोळ्यांत मीठ. सायकली गोणपाटात गुंडाळून चढवल्या.

इथवर येताना गाडीत सगळा वेळ कुठल्याशा देसाईंच्या कुत्र्याचे किस्से. दोघे पोट धरून हसत होते. देसाई अंधेरीचे, कुत्रं अंधेरीचं. मीही हसलो, पण जरा उशिरा, म्हणून मधूने माझ्याकडे पाहिलं.

कँडी, १५ जाने.

पहिला मोठा घाट. दोन्ही बाजूंना झाडी, कोकणात आल्यासारखं वाटतं. चहाच्या टपरीवर खोबरं घातलेली जाड भाकरी मिळाली, वर लाल तिखट. बंडूने आपली संपवून माझ्यातली अर्धी उचलली.

मी शेवटी पोचलो. दोघे माथ्यावर बसलेले दिसले आणि सगळा शीण गेला. शाळेत असताना घोडबंदरच्या रस्त्यावर आम्हीच पाडलेला रिवाज: जो आधी वर जाईल त्याने बसून राहायचं आणि तिघे जमेपर्यंत पाणी तोंडाला लावायचं नाही. त्या पायी बंडूला एकदा घेरी आली होती, तरी प्यायला नव्हता.

आज त्याच्या मिशा ओल्या होत्या. असो. थांबले हेच पुष्कळ.

पुसेलावा, १७ जाने.

दिवसभर एकटा. दोन्हीकडे चहाचे मळे, भांग पाडल्यासारखे नीट. चहा खुडणाऱ्या बायका पाठीवर टोपल्या घेऊन उभ्या. एकीने तामिळमध्ये काहीतरी विचारलं. मी मराठीत सांगितलं, "दोघे पुढे गेले, मी येतोय मागून." ती हसली. दिवसभरात कोणाशी बोललो असेन तर तिच्याशीच.

माथ्यावर कोणी नव्हतं. थोडा वेळ मीच बसलो, न जाणो मागे राहिले असतील. मग उतरलो. गावात धर्मशाळेच्या ओट्यावर भात शिजवून बसले होते. "अरे, वर ऊन होतं. म्हटलं इथेच सावलीत थांबू," मधू. भात चांगला झाला होता. मी कमी खाल्ला. कोणी विचारलं नाही.

रंबोडा, १८ जाने.

चढाच्या मध्यावर, रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर दोघे बसलेले! समोर धबधबा. मला वाटलं, कालचं त्यांनाही लागलं असणार. उभ्याने पॅडल मारत गेलो. छातीचा भाता झाला होता, तरी लांबून हात हलवले.

"थांबलात?"

"तुझ्यासाठीच रे!" बंडू.

मधू उठून सरळ माझ्या पिशवीच्या बंदाला भिडला. त्याचं मागचं चाक बसलं होतं.

पंक्चर मीच काढलं. जवळच्या चहाच्या टपरीवाल्याने घमेल्यात पाणी दिलं, ट्यूब बुडवली, बुडबुडे आले. बंडू चहा घेऊन आला. मधूने पाठीवर थाप मारली: "तू नसतास तर वाट लागली असती आमची, यार." मग सगळे बरोबर चाललो, गावापर्यंत. बंडूने आईचा डबा सोडवला आणि आम्ही लाडू खाल्ले. सगळं पूर्वीसारखं.

फक्त एक किडा डोक्यात शिरलाय. थांबले ते माझ्यासाठी की पंपासाठी? विचारलं तर म्हणतील, येडा आहेस का. तसं ते खरं कुठलंही असलं तरी म्हणतील, म्हणून विचारण्यात अर्थ नाही.

रंबोडा, १९ जाने.

पाऊस. मुक्काम इथेच.

मधूने नकाशा पसरला. नुवारा एलियाच्या खाली रेल्वेचं स्टेशन आहे. तिथून मी सायकल गाडीत टाकून कोलंबोला जावं, ते दोघे पुढचे घाट करून येतील. "तुझ्या गुडघ्याला बरं," म्हणाला.

माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही.

बंडू स्टोव्हला पिन मारत बसला होता, वर बघेना. म्हणजे त्यालाही माहीत होतं. हेही दोघांनी आधी ठरवून झालं होतं. मी म्हटलं, "बघू." त्यानंतर बराच वेळ पाऊस बघितला. राग आला असता तर बरं झालं असतं. नुसतं वाईट वाटलं.

२० जाने., वाटेत

सकाळी पंप, पाने, सोल्युशन सगळं मधूच्या हातात दिलं.

"का रे?"

"ओझं होतंय. आज मोठा चढ आहे."

मधूने "बरं" म्हणून बांधून टाकलं. बंडू मात्र सायकल धरून तसाच उभा. "तुका काय झाला रे, मेल्या?" तो मालवणीवर येतो तेव्हा मनापासून विचारत असतो. क्षणभर सांगून टाकावंसं वाटलं. "काही नाही, चला," म्हणालो. पहिल्या वळणावर त्याने मागे वळून पाहिलं. मधूने हाक मारली, गेला.

त्याला आता दोन तास होऊन गेले असतील. त्यांच्या कामाचं माझ्याजवळ आता काही नाही, मी सोडून.

शेवटच्या वळणांपाशी दगडावर बसून लिहितोय. वरून एक म्हातारा लाकडाची मोळी घेऊन उतरला. खुणेने विचारलं, दोन सायकली, वर? त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते कळलं नाही. इथली माणसं दोन्हीला जवळजवळ सारखीच मान हलवतात.

धुकं खाली आलंय. माथा दिसत नाही. पाय दमलेले नाहीत, उठलो तर लगेच पोचेन. उठवत नाही. इथे बसलोय तोवर ते वर थांबलेले आहेत.