कपाटावरचा साबण

८ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

फोनवर तू नुसता हं हं करतोस. मी दहा वाक्यं बोलायची, तू एक हुंकार द्यायचा, आणि फोनचं बिल माझं. म्हणून यापुढे पत्र. हुंकार लिहून कागद भरत नाही, तेव्हा तुला काहीतरी लिहावंच लागेल.

आता मुद्द्याचं. चिमणीची आई जाऊन चार महिने झाले. तुझा पगार होता तेवढाच आहे, पण तिच्या शिवणकामाचे चार पैसे थांबले. शिवाय असलेला पैसा पुरवून वापरायची तिची हातोटी होती, तीही तिच्याबरोबर गेली. मागच्या महिन्यात वीस तारखेलाच तू माझ्याकडे पैसे मागितलेस. त्याचं मला काही नाही, सख्ख्या बहिणीकडे नाही मागणार तर कुणाकडे. पण मी आले होते तेव्हा चिमणीचा बूट उलटा करून पाहिला, तर आत पुठ्ठा. चौदा वर्षांची पोर पुठ्ठ्यावर चालते आणि तक्रार करत नाही. हे लक्षण मला चांगलं वाटत नाही. बापावर गेली आहे.

म्हणून ठरवलंय, वार्षिक परीक्षा झाली की तिला मी माझ्याकडे घेऊन येते. इथली शाळा चांगली आहे. मागची खोली रिकामीच आहे. ह्यांनी ती रंगवायला काढली आहे, म्हणजे रंगाचा डबा आणून खोलीत ठेवला आहे.

पण पोरीला बापापासून तोडायची मला हौस नाही. फेब्रुवारी आणि मार्च, हे दोन महिने कुणापुढे हात न पसरता पगार पगाराला भिडवून दाखव, आणि तिच्या पायात धड बूट दिसू देत. मग हा विषय मी पुन्हा काढणार नाही. आणि तिला स्वतःला काय हवंय ते विचार. विचार म्हणजे तोंडानं.

माया आहेच, ती न बोलता कळते असं समजू नकोस.

तुझी,
ताई


२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. अट मान्य आहे.

काटकसरीला सुरुवात केली आहे. मी दिवसभर दुकानदारांची वजनेमापे तपासतो, तेव्हा घरातल्या वजनामापाकडेही नीट पाहावे असे ठरवले. एक जुना छोटा तराजू घरी होता तो साफ केला. आता चहाची पूड, साखर, तांदूळ सर्व तोलून घेतो. चिमणी म्हणते की आपल्याकडे चहा मिळत नाही, औषध मिळते.

घाऊक घेतले की स्वस्त पडते, म्हणून कांद्याचे एक पोते घेतले. भाव खरोखर चांगला होता. मात्र दोन माणसांना पोते संपत नाही हे नंतर ध्यानात आले. कांद्यांना कोंब फुटले आहेत. चिमणीने त्यातले काही खिडकीत पेल्यांत लावले आणि पात आली की अंड्यात घालते. त्यामुळे सगळेच वाया गेले असे म्हणता येणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली पाहिजे. न्हाणीघरातला साबण संपला होता. पूर्वी आईच कपाटावरून काढून द्यायची, असे चिमणी म्हणाली. म्हणून स्टूल घेऊन कपाटाच्या माथ्यावर पाहिले. सुटकेसच्या मागे साबणाच्या दहा-बारा वड्या एका ओळीत मांडलेल्या होत्या. वेष्टने दोन्ही टोकांनी उघडी. हातात घेतल्यावर वडी हलकी लागली. सवयीने तोलली. वेष्टनावर छापलेल्या वजनापेक्षा कमी भरली. सगळ्याच कमी भरल्या. तराजूचा दोष असेल म्हणून ऑफिसातली प्रमाणित वजने आणून पुन्हा तोलल्या. कमीच.

मला वाईट वाटले. ही इतकी वर्षे एकाच वाण्याकडून सामान घ्यायची आणि तिच्याच घरात हलका माल यावा! वड्या पिशवीत घालून, प्रमाणित वजने बरोबर घेऊन वाण्याकडे गेलो. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणालो की हे आपल्याला शोभत नाही. त्याने एक वडी हातात घेतली, वास घेतला, माझ्याकडे पाहिले.  आत जाऊन तेवढ्याच नव्या वड्या आणून दिल्या आणि जुन्या स्वतःकडे ठेवून घेतल्या. गुन्हा कबूल असल्याशिवाय कोणी असे करत नाही. मी पुढे कारवाई केली नाही, हिच्या ओळखीचा माणूस म्हणून.

तेवढा तरी पैसा वाचला.

चिमणीला अजून विचारलेले नाही. विचारीन.

दाजींना नमस्कार. रंग दमट जागी ठेवू नये, घट्ट होतो. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
भाऊ


२९ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवताना मी इतकी हसले की शेवटचं पान त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग ते हसले. मग मी लगेच हे लिहायला बसले.

अरे शहाण्या, ती साबण वाळवायची! दुकानात भाव उतरला की एकदम घ्यायची, वेष्टनं टोकांना उघडायची आणि कपाटावर सहा-सहा महिने ठेवायची. दर आठवड्याला वडी उलटायची, म्हणजे दोन्ही अंगांनी वाळते. साबणातलं पाणी उडून गेलं की तो दगडासारखा होतो, साबणदाणीत विरघळत नाही, दुप्पट दिवस पुरतो. पाणी उडालं तर वजन घटणारच, त्याला वाणी काय करील? पहिल्यांदा तिनं मला दाखवलं तेव्हा मी टोमणा मारला होता की माहेरी साबणाचा कारखाना होता का गं. तिनं हसून दोन वाळलेल्या वड्या मला दिल्या. त्या संपता संपेनात. तेव्हापासून माझ्याही कपाटावर साबण असतो. इतकी वर्षं तू त्याच साबणानं अंग धुतलंस आणि तुला पत्ता नाही. कपाटाशेजारीच तर झोपतोस!

आणि त्या बिचाऱ्या वाण्याला तू चोर ठरवून आलास. उद्याच्या उद्या जा आणि त्याची क्षमा माग. जाताना नव्या वड्या घेऊन जा.

दुसरं. ती बाजाराला कोणती पिशवी न्यायची ते आठव. दाराच्या खिळ्यावरची, लहान, निळी. तिच्यात मावेल तेवढंच घ्यायचं, मग समोर सोनं विकत असलं तरी. तू पोतं घेऊन गेलास. पोतं घेऊन गेलं की पोतंच भरतं.

चिमणीसाठी थोडे पैसे पाठवते आहे. इकडे येताना नवा ड्रेस घालून येऊ दे. आणि तिला विचारलंस का? या वेळी चार पानं लिहिलीस, जन्मात एवढी लिहिली नव्हतीस, पण त्यात हेच नाही.

रागावले आहे, पण माया आटलेली नाही, वाळवलेलीही नाही.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न.

बाबा म्हणाले, या वेळी तू लिही, म्हणून मी लिहिते आहे. पैसे मिळाले. थँक्यू.

तुझं पत्र बाबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. साबणाच्या परिच्छेदाशी आल्यावर थांबले आणि चष्मा पुसायला लागले. मग पुढचं मीच वाचलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातात तो इस्त्रीचा शर्ट घालून वाण्याकडे गेले. मला बाहेर उभं राहा म्हणाले, पण मला सगळं ऐकू येत होतं. बाबांनी क्षमा मागितली, अगदी ऑफिसच्या भाषेत, चूक निदर्शनास आली आहे वगैरे. वाणीकाकांनी वरच्या फळीवरून आपली तीच पिशवी काढून दिली. सगळ्या वड्या जशाच्या तशा. म्हणाले, तुम्ही येणार हे ठाऊक होतं. बाबांनी विचारलं की मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत. तर म्हणाले की तुमच्या बायकोनं वाळवत ठेवलेला साबण आहे, हे तुमच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना, आणि साहेब, तुम्ही प्रमाणित वजनं घेऊन आला होतात. मला हसू आलं. बाबांनापण आलं, म्हणजे मिशी हलली.

आता आम्ही आईची निळी पिशवी नेतो. पहिल्या दिवशी बाबांनी बटाटे घातले आणि वर फ्लॉवर मावेना. ते किती वेळ पिशवीकडे बघत उभे होते. शेवटी फ्लॉवर परत ठेवला. भाजीवाली म्हणाली, बाईसाहेबपण असंच करायच्या. तराजू मी माळ्यावर टाकायला लावला. चहाला आता चव आहे.

एक सांगू? आईच्या वड्यांतली एक बाबांनी कपाटात आईच्या शालीखाली ठेवली आहे. मी इस्त्रीचे कपडे ठेवताना दिसली. बाकीच्या वापरायला काढतात, त्याही फक्त मला देतात. स्वतःसाठी कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा घेतात आणि हा बरा आहे म्हणतात. 

तुझ्याकडे यायचं त्यांनी विचारलं. म्हणजे म्हणाले, आत्याकडची शाळा मोठी आहे. मी हो म्हणाले. ते हं म्हणाले. झालं. आत्या, त्यांना मी जायला हवी आहे की नको, हे काही कळत नाही. त्यांच्यावर माझा खर्च पडतो हे मला कळतं. तू मोठी आहेस, तूच सांग काय करू ते.

काकांना सांग, खोलीला पिवळा रंग नको.

तुझी लाडकी (असेन तर),
चिमणी


२६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

असेन तर काय असेन तर? आहेस.

तुझ्या बापाला मी लहानपणापासून ओळखते. शाळेत पाय मुरगळला तर घरी येऊन सांगायचा की आज हळू चाललो. त्याच्या मनातलं मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल, त्याचं नाही. आणि तुझ्या मनातलं तो सांगू शकणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांना आधी वाट देत दारातच उभे आहात. कुणीतरी आत जा गं.

खर्चाचं डोक्यातून काढ. पोरीचा खर्च पडत नाही, होतो.

खुशाल राहा आणि मला लिहीत जा.

तुझी,
आत्या

ता. क. रंग पिवळाच आणलाय. डबा अजून उघडलेला नाही.


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही महिन्यांचे जसे झाले तसे लिहितो.

फेब्रुवारीचा पगार भिडला. थोडे उरलेही.

मार्चमध्ये चिमणीचे बूट घेतले. स्वस्त घेतले नाहीत. स्वस्त बूट वर्षात दोनदा घ्यावे लागतात, असे ही म्हणायची. त्यामुळे शेवटचा आठवडा ओढीचा गेला. मी ऑफिसला पायी गेलो. साखर संपली ती आणली नाही. चिमणी म्हणाली की बिनसाखरेचा चहा डॉक्टर लोक पितात, आणि तोंड वाकडे करून प्यायली. कोणाकडे मागितले नाही, उधारही आणले नाही. पण पगार भिडला असे म्हणवत नाही. मध्ये साखरेएवढी फट राहिली. म्हणजे अट पुरी झाली नाही.

चिमणीला तुझ्याकडे यायचे आहे असे मी धरून चाललो होतो, कारण ती हो म्हणाली होती. काल परीक्षा संपली. तिचे सामान भरायचे म्हणून मी स्टुलावर चढून कपाटावरची सुटकेस काढली. मागे साबणाच्या वड्या होत्या. हिच्या नव्हेत. हिच्या आता संपत आल्या आहेत. या नव्या, ओळीत मांडलेल्या, वेष्टने दोन्ही टोकांनी उघडी.

चिमणीला विचारले. तू ड्रेससाठी पाठवलेल्या पैशांतून आणल्या, म्हणाली. भाव उतरला होता. मी म्हणालो की तू गेल्यावर मला एकट्याला इतक्या कशाला. ती खाली पाहून म्हणाली की वाळायला सहा महिने लागतात, आणि दर आठवड्याला उलटाव्या लागतात, तुम्हाला आठवण राहणार आहे का.

मी म्हणालो, नाही राहणार.

मग म्हणालो की तू राहा. हे तोंडाने म्हणालो. तू लिहिले होतेस म्हणून मुद्दाम कळवतो.

ती बराच वेळ रडली आणि मग अंडी केली.

ताई, अट मी पाळू शकलो नाही. तू येऊन तिला नेलेस तर तुला बोल लावणार नाही. पण तिने राहावे असे मला वाटते. हे आधीच लिहायला हवे होते.

वड्या आम्ही मोकळ्या पसरून मांडल्या, आता सुटकेस परत वर ठेवायला जागा उरलेली नाही. खाटेखाली सरकवली आहे.

दाजींना नमस्कार. आजवर दिलीस तेवढीच माया यापुढेही दे, जास्त मागत नाही.

तुझा,
भाऊ


१० एप्रिल

चि. भाऊस,
अ. उ. आ.

साबण वाळवायची विद्या पत्रातून मीच शिकवली, पैसेही मीच पाठवले, आणि माझ्याच पैशाच्या साबणानं माझी मागची खोली रिकामी ठेवली. ह्यांना हे सांगितलं तर त्यांना पहिला आनंद झाला तो रंग लावायचा वाचला याचा.

साखरेएवढी फट मी धरत नाही. साखरेवाचून चहा होतो, बुटांवाचून चालता येत नाही. तू बूट घेतलेस. अट पुरी झाली असं मी म्हणते, आणि वजनंमापं तपासणारा तू असलास तरी या बाबतीत तराजू माझा.

सुट्टीत आम्ही दोघं चार दिवस येतो. न्यायला नाही, राहायला. चिमणीचा ड्रेस मी घेऊनच येईन, पैसे पाठवणार नाही, त्याचा भरवसा राहिला नाही. येताना माझ्या कपाटावरच्या दोन वड्या तुझ्यासाठी आणते, चांगल्या दगड झालेल्या. कपड्यांच्या साबणानं अंग घासणं बंद कर.

शालीखालच्या वडीचं मला कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. ती तिथंच राहू दे, वापरू नकोस, हिशेबातही धरू नकोस. एवढी एक उधळपट्टी तुला माफ आहे.

तुझी,
ताई